आमच्या बॅचची कामं, आणि त्यातलं जे डोक्यात राहिलं

आमच्या फिल्म, फोटो आणि डिजिटल आर्टचं फायनल सबमिशन संपलं, कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांची कामं लागली, फिल्म्स दाखवून झाल्या, मार्कही आले. मार्कांबद्दल मला काही लिहायचं नाहीये. मला लिहायचंय ते कामांबद्दल, कारण मार्क मिळाले की ही सगळी कामं कुठल्यातरी हार्ड डिस्कच्या एका फोल्डरमध्ये जातात आणि परत कुणी उघडून बघत नाही, आणि इतकं मन लावून केलेल्या गोष्टीचं असं होणं मला सहन होत नाही, म्हणून निदान चार शब्द नीट लिहून ठेवतेय. काही फिल्म्सच्या साउंडला मी होते त्यामुळे ती कामं आतून बघितली, बाकीची सगळ्यांसारखी हॉलमध्ये उभं राहून. नावं कुणाचीच घेत नाही, विचारलेलं नाही कुणाला, आणि कोल्हापूर लहान आहे, ओळखणारे ओळखतीलच.

बघताना मी प्रत्येक कामात एक गोष्ट शोधत होते, की या माणसाने आपला असा निर्णय कुठला घेतलाय. कॅमेरा कुठला वापरला, लेन्स कुठली, ते सगळे विचारतातच. मला बघायचं होतं की काय घ्यायचं नाही हे कुणी ठरवलं, काय आहे तसं राहू दिलं, कुठं थांबला. काही कामांत ते लगेच दिसलं, काहींत शोधूनही सापडलं नाही, आणि जिथे दिसलं ती कामं अजून डोक्यातून जात नाहीयेत.

गुऱ्हाळाच्या फिल्मपासून सुरू करते कारण तिच्या साउंडला मीच होते. आमच्या एका मित्राच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे, पन्हाळ्याच्या बाजूला. विषय सांगितला तेव्हा वर्गात सगळ्यांनी सल्ले दिले, की गुऱ्हाळं का बंद पडतायत ते घे, मजूर मिळत नाहीत ते घे, गुळात साखर मिसळतात त्यावर बोलतं कर कुणाला, एक छान व्हॉइसओव्हर टाक. सगळे मुद्दे खरे आहेत. पण त्याने ठरवलं की आपण एक काहिल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, घ्यायची, रस पडल्यापासून गुळ निघेपर्यंत, आणि कुणाला काही विचारायचं नाही. दोन-अडीच तासांचं काम अकरा मिनिटांत आणलंय त्याने, एकही मुलाखत नाही, एकही पाटी नाही.

आता हे वाचायला सोपं वाटतं पण गुऱ्हाळात जो गेलाय त्याला माहितीये तिथे शूट करणं म्हणजे काय. एकीकडे ऊस पिळणाऱ्या चरक्याचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, दुसरीकडे वाफ, थंडीतून आत आलं की लेन्सवर लगेच धुकं, आणि काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी जाळ एवढा झगझगीत की कॅमेरा ऑटोवर असेल तर जाळ फ्रेममध्ये आला की बाकी सगळं काळं आणि जाळ गेला की सगळं एकदम उजळ, असा खेळ चालू राहतो. त्याने सगळं मॅन्युअल ठेवलं, एक्सपोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, जाळावर धरलं आणि चुलीत उसाचं चिपाड सारणाऱ्या माणसाचा चेहरा अंधारात जाऊ दिला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा रंग कसे धरतो ती सेटिंग, ती पण लॉक, कारण ऑटोवर ठेवला असता तर कॅमेऱ्याने तो सगळा केशरी पिवळा उजेड 'दुरुस्त' करून टाकला असता आणि गुळाचा रंगच गेला असता, आणि गुळावरच्या फिल्ममध्ये गुळाचा रंग गेला तर राहिलं काय.

फिल्मचा जीव आवाजात आहे असं मला वाटतं, आणि मी केलाय म्हणून म्हणत नाही. रस तापायला लागतो तेव्हा आवाज पातळ असतो, भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात, मग खरी उकळी फुटते, आणि जसजसा रस आटत जातो तसा आवाज जड होत जातो, भदभद असा, बुडबुडे मोठे आणि सावकाश फुटतात. गुळव्या, म्हणजे गुळ करणारा कारागीर, काहिलीकडे बघत नसतानाही त्याचं लक्ष त्या आवाजाकडे असतं हे आम्हाला तिथे उभं राहिल्यावर कळलं. म्हणून मित्राने एडिट आवाजावर बांधलं, आवाज बदलला की शॉट बदलतो, आणि चरका थांबल्यावरच मला स्वच्छ आवाज मिळायचा त्यामुळे आम्ही चरका थांबायची वाट बघत बसायचो. माईक वाफेपासून लांब धरावा लागतो, कंडेन्सर माईकला दमट हवा लागली की तो चरचरतो. शेवटी गुळव्या गार पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळून बघतो, आणि मान हलवतो, की मग माणसं काहिल उतरवतात आणि गुळ गार करायच्या वाफ्यात ओततात. ती मान हलवणं हा त्या फिल्मचा क्लायमॅक्स आहे. अख्ख्या हॉलमध्ये कुणी हललं नाही तेव्हा.

मला त्यातलं एकच खटकलं, सगळ्यात शेवटी गुऱ्हाळावरून वर जाणारा ड्रोनचा शॉट. अकरा मिनिटं आपण काहिलीच्या काठाशी उभे असतो आणि अचानक आभाळात. मी त्याला सांगितलं, तो म्हणाला ड्रोन एका दिवसासाठी मिळालेला म्हणून टाकला. काढून टाक बाबा. फिल्म त्या मान हलवण्यानंतर ढेपा बांधताना संपली तरी चालतंय.

इचलकरंजीच्या मैत्रिणीचं काम अगदी छोटं होतं, तीन मिनिटं, सगळं मोबाईलवर. तिच्या घराला लागून यंत्रमागाची शेड आहे, लहानपणापासून तो खडखडाट ऐकतच झोपलीये ती. तिने धोटा पकडायचं ठरवलं, म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो, जो नुसत्या डोळ्यांना रेघेसारखा दिसतो. फोन सेकंदाला २४० फ्रेम्सच्या स्लो मोशनवर टाकला. आणि मग झालं असं की शेडमधल्या ट्यूबलाइट लुकलुकायला लागल्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, डोळ्याला ते कळत नाही, पण २४० फ्रेम्सला दर दोन-अडीच फ्रेममागे उजेड एकदा वर एकदा खाली होताना दिसतो. सगळ्यांनी सांगितलं की फ्लिकर काढायचे प्लगइन असतात, नाहीतर दिवसा दारं उघडून शूट कर. तिने तो फ्लिकर ठेवला. धोटा सावकाश तरंगत येतोय, धागा मागे सुटतोय, आणि सगळी शेड धडधडतेय. सुरुवातीला तिने पाटी टाकलीये की लुकलुकणाऱ्या उजेडाचा त्रास होणाऱ्यांनी बघू नये, हे मला फार आवडलं, किती जणांच्या लक्षात येतं हे. आवाज मात्र तिने स्लो केलेला नाही, खरा वेग आहे तोच ठेवलाय, त्यामुळे कानाला रात्रपाळीची शेड ऐकू येते आणि डोळ्याला स्वप्न दिसतं.

आता ज्याबद्दल खरं लिहायचं होतं ते. महापुरातले फोटो.

२०१९ चा ऑगस्ट आमच्याकडे कुणाला सांगायला लागत नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. मग परत २०२१ चा जुलै. शिरोळ तालुक्यातली माझी एक वर्गमैत्रीण आहे, कृष्णा पंचगंगेच्या मधला तो सगळा पट्टा, तिथल्या नातेवाइकांकडून ओळखीच्यांकडून तिने पुरात भिजलेले फोटो अल्बम गोळा केले. लोकांनी टाकून दिले नव्हते. कामाचे नाहीत, बघवत नाहीत, पण टाकवतही नाहीत, म्हणून पिशवीत बांधून कुठेतरी ठेवलेले. लग्नाचे अल्बम, बारशाचे, शाळेचे ग्रुप फोटो, वारलेल्या माणसांचे.

तिने ते फोटो दुरुस्त केले नाहीत. हाच तिचा निर्णय, आणि यावरून वर्गात चांगलीच वादावादी झाली होती. आजकाल फोटो टाकला की चेहरा परत आणून देणारी ॲप्स आहेत, तर लोकांना त्यांचे चेहरे परत मिळतील ना, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. ती म्हणाली की ते ॲप चेहरा परत आणत नाही, दुसरा कुठलातरी चेहरा तिथे बसवतं, आणि एखाद्या बाईला तिच्या गेलेल्या आईच्या जागी तशीच दिसणारी दुसरी बाई देणं मला जमणार नाही. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

तिने ते फोटो आहेत तसे, वाकलेले, चिकटलेले, खिडकीच्या उजेडात ट्रायपॉडवर कॅमेरा खाली तोंड करून लावून घेतले. काचेखाली दाबून सपाट केले नाहीत, त्यामुळे कागदाच्या लाटांची सावली पण दिसते. आणि मग एकेक कडा मॅक्रोने इतकी जवळून घेतली की ती मोठी प्रिंट भिंतीवर लागली तेव्हा लांबून वाटलं कुठल्यातरी नदीचा सॅटेलाइट फोटो आहे. त्यात जे रंग दिसतात ना, त्याचं कारण तिने मला समजावलं आणि तेव्हापासून मला माझ्या घरातले फोटो पण वेगळे दिसायला लागलेत. लॅबमधून धुऊन यायच्या त्या कलर प्रिंटमध्ये कागदावर जिलेटिनमध्ये रंगांचे तीन थर असतात, सगळ्यात वर सियान, मध्ये मॅजेंटा, आणि तळाला पिवळा. पाणी लागलं की जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, त्यात बुरशी आणि जीवजंतू लागतात, आणि वरचा थर आधी सुटतो. म्हणून जिथे थोडं पाणी गेलंय तिथे सियान जाऊन सगळं लालसर केशरी होतं, अजून आत गेलं की मॅजेंटा पण जातो आणि नुसता पिवळा राहतो, आणि शेवटी पांढरा कागद. म्हणजे कुठल्याही फोटोच्या कडेपासून आत जात बघितलं तर पाणी कुठपर्यंत आलं ते रंगात लिहिलेलं असतं, पांढरा, पिवळा, केशरी, आणि मग मध्ये कुठेतरी एक हात किंवा अर्धा फेटा अजून सगळ्या रंगांत शाबूत.

तिने जमवलेल्यात आजोबा पणजोबांच्या काळातले ब्लॅक अँड व्हाइट फोटो त्यामानाने बरे राहिले होते. त्यात रंगांचे थर नसतात, चांदीच्या कणांची एकच प्रतिमा असते, ती डागाळली, फुगली, पण माणूस ओळखू येतो. त्यामुळे एकाच घरात पणजोबा दिसतात आणि नातीचं लग्न दिसत नाही. हे तिने कुठे लिहून सांगितलेलं नव्हतं, नुसते दोन फोटो शेजारी लावले होते.

कॅप्शन्स बद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. फोटोत कोण आहे हे तिने लिहिलंच नाही. तिने लिहिलंय की पाणी आलं तेव्हा अल्बम कुठे होता. कपाटाचा खालचा खण. गादीखाली. माळ्यावर, पण माळ्यापर्यंत पाणी आलं. ट्रंकेत, ट्रंक तरंगली. देवघराशेजारी. एवढंच. बघायला आलेल्या लोकांमध्ये पूर बघितलेली माणसं होती, ती फोटोपेक्षा कॅप्शनसमोर जास्त वेळ उभी राहत होती आणि मग आपापल्या घरात काय कुठे होतं ते एकमेकांना सांगायला लागली. एका काकांनी तर आमच्यातल्या एकाला धरून अख्ख्या घराचा नकाशाच हवेत काढून दाखवला.

आणि शेवटच्या टेबलावर तिने एक साधा झेरॉक्स ठेवला होता, भिजलेल्या फोटोंचं काय करायचं. चिकटलेले फोटो वाळल्यावर ओढून काढायचे नाहीत, चित्र दुसऱ्याच्या पाठीला लागून निघून येतं. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात ठेवायचे, सावकाश सुटे करायचे, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, सावलीत चित्र वर करून वाळवायचे. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे, नंतर करता येतं. हे पुराच्या आधी कुणीतरी आम्हाला सांगायला पाहिजे होतं. आता वाचताय तर लक्षात ठेवा, आमच्या भागात तरी लागेल कधीतरी.

ज्या घरांनी अल्बम दिले त्यांना तिने अल्बम परत केलेच, शिवाय जेवढं शिल्लक आहे त्याच्या चांगल्या स्कॅन कॉपी पण पेनड्राइव्हवर दिल्या. हे तिच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नाहीये, मला तिच्या आईकडून कळलं.

डिजिटल आर्टच्या बाजूला मी एरवी जास्त रमत नाही, मला त्यातलं तंत्र फार कळत नाही, पण वीरगळांचं काम बघून मी तिथेच अडकले. आमच्याकडे गावागावात वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, देवळाच्या आवारात, पारावर, कुठे भिंतीत बसवलेले, कुठे अर्धे मातीत. खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत त्या वीराला अप्सरा घेऊन चालल्यात, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र सूर्य. रोज शेजारून जाणाऱ्यांना पण माहिती नसतं ते काय आहे. एका वर्गमित्राने अशा काही दगडांचं थ्री डी मॉडेल केलं, फोटोग्रामेट्रीने. म्हणजे दगडाभोवती फिरत फिरत शेकडो फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साठ-सत्तर टक्के भाग परत आला पाहिजे, झूम बदलायचा नाही, फोकस सांभाळायचा, आणि मग सॉफ्टवेअर त्या सगळ्या फोटोंतले सारखे बिंदू जुळवून दगडाचा आकार बांधतं.

यातली गंमत त्याने सांगितली ती अशी की कोरीवकाम नीट बघायचं असेल तर ऊन तिरकं पाहिजे, सकाळचं किंवा संध्याकाळचं, मग सावल्या पडतात आणि झिजलेला घोडा पण उठून दिसतो. पण मॉडेल करायला सावल्या नको असतात, ढगाळ दिवस लागतो, सगळीकडे सारखा उजेड. म्हणजे त्याने दगड बघितला एका उजेडात आणि घेतला दुसऱ्याच. शिवाय ज्या दगडाला रोज तेल घालतात तो चमकतो, आणि चमक प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी येते त्यामुळे सॉफ्टवेअर गडबडतं, अशा दगडांना त्याला परत परत जावं लागलं. मग ब्लेंडर नावाच्या थ्री डी सॉफ्टवेअरमध्ये त्याने त्या मॉडेलवर स्वतःचा सूर्य फिरवला, उगवतीपासून मावळतीपर्यंत, सावकाश. जी लढाई उभं राहून बघताना दिसत नव्हती ती त्या फिरत्या उजेडात हळूहळू वर येते आणि परत दगडात जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

आणि त्याने प्रत्येक दगड दोनदा दाखवलाय, एकदा नुसता आकार, करड्या रंगात, आणि एकदा त्याच्यावरच्या शेंदरासकट, तेलासकट, कुणीतरी मारलेल्या ऑइलपेंटसकट. मी त्याला विचारलं की करडाच जास्त छान दिसतोय तर दुसरा कशाला. तो म्हणाला की गावात जाऊन मी परवानगी घेतली तेव्हा लोकांनी मला देव दाखवला, दगड नाही, आणि मी फक्त दगड परत नेऊन दाखवला तर ते बरोबर होणार नाही. पटलं मला. इतिहासवाले कदाचित म्हणतील रंगाने कोरीवकाम बुजतं, ते पण खरंच आहे, पण तो शेंदूर लावणारा हातच त्या दगडाला इतकी वर्षं उभं ठेवतोय ना.

पिठाच्या ॲनिमेशनबद्दल थोडक्यात, खरं तर त्याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे. काळ्या काचेवर ज्वारीचं पीठ पसरून बोटाने, काडीने चित्र काढायचं, वरून फोटो, मग तेच चित्र थोडं पुसून पुढचं चित्र, परत फोटो. सेकंदाला १२ फ्रेम्स धरल्या तर एका मिनिटाला ७२० फोटो, आणि मागचं चित्र तर गेलेलंच असतं, परत आणता येत नाही. मे महिन्यात खोलीचा पंखा बंद ठेवून हे केलंय तिने, पीठ उडायला नको म्हणून. आवाजाला तिच्या आजीच्या ओव्या आहेत, जात्यावरच्या, फोनवर रेकॉर्ड केलेल्या, मागे कुकरची शिट्टी पण आहे आणि तिने ती तशीच ठेवलीये. एका जागी आजी ओळ विसरते, थांबते. तिथे पडद्यावर पण काही नाही, नुसती काळी काच, आणि आजीला आठवेपर्यंत आपण पण थांबतो. मग आठवतं आणि पीठ परत हलायला लागतं. कट करून जोडणं किती सोपं होतं तिथे! दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास, पहिला सिनेमा करायच्या आधी, कुंडीतल्या मटाराच्या रोपाचं असंच फ्रेम फ्रेम करून चित्रण केलं होतं, रोप कसं वाढतं ते पडद्यावर दाखवायला, आणि ते दाखवून सिनेमासाठी पैसे उभे केले होते. आम्हाला हे शिकवलेलं, तेव्हा मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले. मैत्रिणीची खोली बघितल्यावर त्या कुंडीसमोर रोज थांबणं म्हणजे काय असेल ते जाणवलं.

एआयचं काम पण होतं, आणि त्याच्याबद्दल सुरुवातीला माझं मत चांगलं नव्हतं. एका मित्राने 'जुनं कोल्हापूर' म्हणून एआयने चित्रं काढायला घेतली. चित्रं दिसायला झकास, पण रंकाळा तळ्याच्या काठी राजस्थानी महाल, माणसांच्या डोक्यावर फेटा भलत्याच पद्धतीचा, बायकांच्या नऊवारीचा कासोटा कुठे गेला पत्ता नाही, आणि दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी, वेलांट्या हवेत, अक्षरंच नाहीत ती. त्यात कोल्हापूर कुठेच नव्हतं. त्याला पण ते लागलं असणार, कारण मधे बरेच दिवस तो दिसलाच नाही, आणि फायनलला आला तेव्हा त्याने तीच चित्रं मोठी प्रिंट करून आणली होती आणि त्यातली एकेक पाटी हाताने, ऑइलपेंटने, परत रंगवली होती. एका जुन्या साइनबोर्ड पेंटरकडे जाऊन बसत होता तो, अक्षर कसं बांधायचं ते शिकत. शिरोरेघ आधी की अक्षर आधी, ब्रश कुठल्या कोनात धरायचा, जाड रेघ बारीक कशी होत जाते. म्हणजे मशीनने काढलेल्या खोट्या गल्लीत एका माणसाच्या हातच्या खऱ्या पाट्या. महाल अजून राजस्थानीच आहे मागे, तो त्याने तसाच सोडलाय. मला अजूनही वाटतं की चित्रं नसती आणि नुसत्या पाट्या असत्या तरी चाललं असतं, पण काम आता त्याचं झालंय यात शंका नाही.

पेंटरवरून आठवलं. आमच्याकडे सारखी तक्रार असते की चांगला कॅमेरा नाही, कॉलेजचा एकच आहे आणि त्याच्यासाठी नंबर लावायला लागतो. तक्रार खरी आहे, माझी पण आहे. पण 'खरी कॉर्नर' नावाच्या चौकात तो कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे ना, आम्ही रोज त्याच्यासमोरून जातो. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, नाटकाचे पडदे रंगवणारी माणसं, लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखायचे, त्यांनी या गावात स्वतःचा मूव्ही कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ ला गेले, बाबूरावांनी काम पुढे नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि त्याच कंपनीत शिकलेल्या माणसांनी पुढे १९२९ ला इथेच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली आणि त्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पडदे रंगवणाऱ्या हातांनी कॅमेरा घडवला हे मला कॅमेऱ्याच्या नंबरासाठी थांबलेलं असताना फार आधार देतं.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की त्या काळातल्या मूकपटांतले अगदी मोजके आज शिल्लक आहेत. सहज पेट घेणाऱ्या नायट्रेटच्या फिल्मा, जळाल्या, सडल्या, चांदी काढायला विकल्या गेल्या. आणि आमची डिजिटल कामं त्याहून लवकर जातील अशी मला भीती आहे, कारण ती सडताना दिसत पण नाहीत. एक डिस्क पडली की संपलं. म्हणून बॅचमधल्या सगळ्यांना हात जोडून सांगतेय, फायनल एक्सपोर्टची एक चांगली मास्टर फाइल, पूर्ण क्वालिटीची, काढा, नुसती व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी म्हणजे फिल्म नव्हे. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक कॉपी दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात असू दे, पूर कुठे येतो ते आपल्याला माहितीये. प्रोजेक्ट फाइल, ओरिजिनल फुटेज आणि वापरलेले फॉन्ट एकाच फोल्डरमध्ये घाला. आणि फाइलला 'फायनल फायनल दोन' असलं नाव देऊ नका, स्वतःचं नाव, कामाचं नाव आणि साल लिहा. आवाजाच्या सगळ्या रॉ फाइल्स माझ्याकडे आहेत, काहिलीचा आहे, चरका थांबतानाचा आहे, ज्याला पाहिजे त्याने डिस्क घेऊन यावं.

आणि गुऱ्हाळाची फिल्म गुऱ्हाळातच दाखवायची असं ठरलंय. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की एका संध्याकाळी, काम उरकल्यावर, चिपाडाच्या ढिगापुढे पांढरं कापड लावून. गुळव्यांनी अजून ती बघितलेली नाही आणि त्यांना बघायचीये, त्यांनी दोनदा विचारलं. महापुराचे फोटो पण शिरोळकडे कुठल्यातरी शाळेत लावता येतील का ते मैत्रीण बघतेय, पावसाळ्याच्या आत, झेरॉक्सच्या गठ्ठ्यासकट. प्रोजेक्टर मिळालाय. स्पीकर मोठा लागणार, कॉलेजचा पुरणार नाही, गावातल्या डीजेवाल्याशी बोलणं चाललंय, तो म्हणतो पैसे नको, पण फिल्म आधी मला दाखवा.